जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधील चुंबक खरोखर ‘उतरतो’ का?

वेंगुर्ले_सहातारी

नमस्कार. माझ्या काकांची एक जुनी इलेक्ट्रिक गिटार सध्या माझ्याकडे आहे. काका मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवत असत आणि ही गिटार त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घेतली होती. जपानी बनावट, तीन सिंगल कॉईल पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे भाग; प्रत्येकात चुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेची एकच गुंडाळी, म्हणजे कॉईल) आणि त्यांतील हवा तो निवडण्याचा एक सिलेक्टर स्विच अशी तिची रचना आहे. मुंबई सोडून गावी परतल्यावर काकांचे वाजवणे हळूहळू थांबले आणि गिटार पेटीसह माळ्यावर गेली. आमचे घर वेंगुर्ल्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडक्यांच्या बिजागऱ्या, दाराच्या कड्या, शिलाई मशीन, यांपैकी काहीही येथे गंजल्याशिवाय राहत नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नव्या तारा चढवून आणि स्विच व नॉब साफ करून गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, तेव्हा नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेजवळचा, उत्तम वाजला. मधल्या पिकअपचा आवाज थोडा दबका वाटला, परंतु स्वर भरीव होता. ब्रिज पिकअप, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळचा, मात्र जवळजवळ ऐकूच येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बराच वाढवला, तर खर्ज अजिबात नसलेला, पातळ आणि किरकिरा स्वर कसाबसा येतो.

गिटार शहरातील एका दुकानात दाखवली. तेथे ती न उघडताच असे सांगण्यात आले की पिकअपमधील चुंबकाचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे असते, खाऱ्या हवेत त्याहूनही कमी असते, या गिटारचे चुंबक उतरले आहेत आणि तिन्ही पिकअप बदलण्यावाचून पर्याय नाही. काकांना हे मान्य नाही. ‘आवाज तिचाच राहू दे, नाहीतर नवीनच गिटार घे’ असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. चुंबकाला असे ठरावीक आयुष्य असते का? समुद्रकाठच्या हवेने त्याची शक्ती घटते का? घटली असेल तर चुंबक पुन्हा भरून घेता येतो का? आणि दोष चुंबकात आहे की अन्य कशात, हे घरच्या घरी कसे तपासावे? माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि सोल्डरिंगचे जुजबी ज्ञान आहे.

अल्निको_पाच

आपण पिकअप बदलण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले झाले. मी रत्नागिरीत अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असून गिटार हौसेने वाजवतो, त्यामुळे चुंबकाच्या बाजूविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तांब्याच्या तारेविषयी येथील जाणकार माझ्याहून चांगले सांगतील.

चुंबक काही वर्षांत ‘मरतो’ हा समज पूर्णपणे निराधार नाही, पण तो जुन्या काळातील पोलादी चुंबकांचा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत पट्टीचुंबक जोडीने, उलट ध्रुव शेजारी ठेवून आणि टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून ठेवण्याची जी शिस्त असे, ती त्याच चुंबकांसाठी होती, कारण ते आपटल्याने, तापल्याने किंवा नुसते पडून राहिल्यानेही अशक्त होत. विद्युतचुंबकीय पिकअप असलेली पहिली यशस्वी गिटार, म्हणजे १९३१-३२ च्या सुमाराची रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, तिच्यातही नालेच्या आकाराचे पोलादी चुंबकच होते. परंतु त्याच सुमारास, १९३१ मध्ये, जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा असा मिश्रधातू शोधला की जो चुंबकत्व कितीतरी अधिक घट्ट धरून ठेवतो. त्याच घराण्यातील धातूंना आज आपण अल्निको म्हणतो. १९५० नंतर लोकप्रिय झालेल्या बहुतेक नामांकित पिकअपांत अल्निको किंवा, पुढील काळात, सिरॅमिक म्हणजे फेराइट चुंबक आहेत.

अल्निको चुंबक नुसता पडून राहिल्यास किती झिजतो, याचे चुंबक-उद्योगात वापरले जाणारे माप असे आहे : सामान्य तापमानात १,००,००० तासांत, म्हणजे सुमारे ११ वर्षे ५ महिन्यांत, अल्निको ५ या प्रकाराची घट ३ टक्क्यांहून कमी असते, आणि तीही आखूड व प्रतिकूल आकाराच्या चुंबकात. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की ही घट वर्षागणिक सारखी होत नाही. ती काळाच्या दर दहापटीला साधारण सारखी होते, म्हणजे पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जितकी, तितकीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. १ तासापासून १,००,००० तासांपर्यंत अशा पाच दहापटी होतात, आणि सहावी पुरी व्हायला ११४ वर्षे लागतात. म्हणून काकांच्या गिटारमधील चुंबकाची जी काही नैसर्गिक घट व्हायची होती, तिचा मोठा भाग गिटार दुकानातून घरी येण्यापूर्वीच होऊन गेला, असे म्हणता येईल. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी आणि गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी घडवलेले व १९५७ पासून गिटारींवर बसू लागलेले हंबकर (गुणगुण दाबणारे दोन कॉईलचे पिकअप) आजही वाजत आहेत, आणि त्यांच्यासाठी लोक डोळे विस्फारायला लावणारी किंमत मोजतात, ती काही उतरलेल्या चुंबकांसाठी नव्हे.

उष्णतेचे म्हणाल, तर अल्निको ५चे क्युरी तापमान (ज्याच्यापुढे चुंबकत्व नाहीसे होते ते) ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि फेराइटचे ४५० अंशांच्या आसपास आहे. मे महिन्यातील पत्र्याखालचा माळा त्यापुढे काहीच नाही. फेराइटची शक्ती दर अंशाला सुमारे ०.२ टक्के कमी होते हे खरे, पण तापमान उतरले की ती परत येते. अल्निकोत हा बदल त्याच्या दशांशाएवढा, म्हणजे ०.०२ टक्के आहे.

आता खारी हवा. अल्निकोमध्ये लोखंडाचा वाटा मोठा असल्याने खांबांच्या, म्हणजे प्रत्येक तारेखाली उभ्या असलेल्या चुंबकांच्या, उघड्या माथ्यांवर तांबूस ठिपके पडतात, आणि किनाऱ्यावर ते पडणारच. तो पृष्ठभागावरचा गंज असतो; आतील धातूच्या चुंबकत्वावर त्याचा कानाला कळेल असा परिणाम होत नाही. फेराइट तर मुळातच लोखंडाचे ऑक्साइड आहे, त्यामुळे ते गंजण्याचा प्रश्नच येत नाही, मात्र ते ठिसूळ असते आणि पडले तर तुकडा उडतो.

चुंबक खरोखर अशक्त होतो तो विरोधी चुंबकीय क्षेत्राने. अल्निको ५ला निष्प्रभ करण्यास सुमारे ६४० ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचे एकक) एवढे विरोधी क्षेत्र लागते, फेराइटला त्याच्या चौपटीच्या आसपास, तर पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या ओर्स्टेडहून कमी आहे. म्हणजे अल्निको फेराइटपेक्षा हळवा खरा, पण घरातील सामान्य वस्तूंनी तो डगमगत नाही. निओडिमियमचा शक्तिशाली चुंबक खांबाला थेट चिकटवणे, सारखे ध्रुव समोरासमोर दाबणे किंवा जुन्या पद्धतीची ट्रान्सफॉर्मर असलेली सोल्डरिंग गन अगदी जवळ आणून चालू-बंद करणे, यांनी मात्र त्याला इजा होऊ शकते. आपले काम साध्या काडीच्या सोल्डरिंग आयर्ननेच करावे.

आणि समजा, चुंबक १० टक्के अशक्त झालाच, तर आवाजात सुमारे ०.९ डेसिबल एवढीच घट होईल. पिकअपचा उंचीचा स्क्रू एखादा फेरा फिरवला तरी याहून मोठा फरक पडतो. त्याहून महत्त्वाचे असे की अशक्त चुंबकाने आवाज लहान होतो, थोडा मऊ होतो, पण खर्ज नाहीसा होऊन नुसता किरकिरा स्वर उरत नाही. आपण वर्णन केलेले लक्षण चुंबकाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी सोपी आहे. एक टाचणी दोऱ्याला बांधून टांगावी आणि तारा उतरवलेल्या गिटारवर पिकअपच्या खांबाकडे हळूहळू न्यावी. कोणत्या अंतरावर ती ओढली जाते ते पट्टीवर पाहून तिन्ही पिकअपांची आणि त्यांतील सहाही खांबांची तुलना करावी. एखादाच खांब अशक्त असेल, तर तीच एक तार दबकी वाजेल. तिन्ही पिकअपांचे अंतर सारखे आले, तर चुंबकाचा विषय तेथेच संपतो.

सोल्डर_आणि_राळ

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. सावंतवाडी-मालवण पट्ट्यात हार्मोनियमवाल्यांचे मायक्रोफोन, मंडळांचे मिक्सर आणि अधूनमधून गिटार दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. चुंबक गेल्यामुळे बंद पडलेला पिकअप माझ्या हाती अजून आलेला नाही. कॉईलची तार गेल्यामुळे बंद पडलेले मात्र दर पावसाळ्यानंतर येतात.

पिकअपची तार म्हणजे काय प्रकार आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की आश्चर्य वाटते ते ती तुटते याचे नव्हे, इतकी वर्षे टिकते याचे. स्ट्रॅट पद्धतीच्या सिंगल कॉईलमध्ये ०.०६३ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचे साधारण साडेसात ते आठ हजार वेढे असतात. ती सरळ केली तर सुमारे एक किलोमीटर भरेल. एवढ्या लांबीत कोठेही एका जागी ती खाल्ली गेली, की पिकअप बंद.

खाल्ली जाते ती मिठाने आणि ओलाव्याने, आणि या दोघांचे नाते नीट समजून घेण्यासारखे आहे. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की हवेतूनच पाणी ओढून स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओलसर होऊ लागते. वाऱ्याबरोबर आलेले आणि वाजवणाऱ्याच्या घामातून उतरलेले मीठ पिकअपवर बसून राहते. थंडीत ते कोरडे, निरुपद्रवी असते. जून ते सप्टेंबर त्याचा खारट थेंब होतो, जेथे तारेवरील एनॅमलला, म्हणजे विद्युतरोधक लेपाला, बारीकसा चरा आहे तेथे तांब्याला भिडतो, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढतो तसाच हिरवट कळंक तेथे चढतो. भांडे चिंचेने घासून उजळते, कारण त्याचा पत्रा जाड असतो. येथे घासायला उरतेच काय?

हे कोठे होते तेही बहुधा ठरलेले असते. पहिली जागा म्हणजे तारेची दोन टोके, जेथे ती तळाच्या तबकडीवरील दोन पोकळ पितळी कड्यांना सोल्डर केलेली असते. तेथे एनॅमल काढलेले असते, सोल्डर करताना वापरलेल्या फ्लक्सचा अवशेष राहिलेला असतो आणि तार ताणलेली असते. दुसरी जागा आतील आहे. जुन्या पद्धतीच्या पिकअपांत सहा चुंबक दोन फायबरच्या तबकड्यांत ठोकून बसवलेले असतात आणि तार थेट त्या चुंबकांवर गुंडाळलेली असते. फायबर पाणी धरते, फुगते आणि वाकते; चुंबकाच्या कडेला गंज फुगला, की तो सर्वांत आतील वेढ्याच्या एनॅमलला टोचतो. म्हणजे खाऱ्या हवेने चुंबकाची शक्ती जात नाही हे खरे असले, तरी गंजलेला चुंबक शेजारच्या तारेचा घात करू शकतो. म्हणूनच असे खांब बोटाने किंवा हातोडीने खाली दाबून उंची जुळवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. आतील वेढे त्यासरशी तुटतात.

तुमची गिटार जपानी असल्याने आधी पिकअप खालून पाहा. त्या काळातील काही जपानी पिकअपांत प्लॅस्टिकचा सांगाडा, लोखंडी खांब आणि खाली चिकटवलेला पट्टीसारखा फेराइट चुंबक असे. तसे असेल तर तार खांबांना लागलेली नसते आणि दोष बाहेरच्या टोकांशी सापडण्याची शक्यता वाढते.

तुम्ही सांगितलेला पातळ, किरकिरा स्वर हे तुटलेल्या कॉईलचे अगदी नमुनेदार लक्षण आहे. तार तुटली तरी पिकअप पूर्ण मुका होत नाही, कारण तुटलेल्या दोन भागांमध्ये आणि वेढ्यांमध्ये जी थोडीशी धारिता (कपॅसिटन्स) असते, तिच्यातून उच्च कंपनसंख्येचा भाग झिरपतो. खर्ज झिरपू शकत नाही.

आता मोजणी. गिटारमध्ये केबल घालून तिचे दुसरे टोक मल्टिमीटरला जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि स्विचने एकेक पिकअप निवडा. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) पिकअपला समांतर असल्याने वाचन किंचित कमी येईल, ६.२ किलोओहमचा पिकअप २५० किलोओहमच्या पॉटसह ६.०५ दाखवेल. साधारण ५.५ ते ६.५च्या दरम्यान आकडा आला, तर कॉईल सलग आहे असे समजावे. आकडा २००-२५० किलोओहमच्या घरात आला, तर तो पिकअपचा नसून एकट्या पॉटचा रोध आहे, म्हणजेच कॉईल तुटलेली आहे. पुष्कळ लोक येथे फसतात, कारण त्यांना अशा वेळी मीटरने काहीच दाखवू नये अशी अपेक्षा असते. आकडा नेहमीपेक्षा बराच कमी, म्हणजे तीन-चार किलोओहम आला, तर आतील काही वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले आहेत. वायर हलवल्यावर आकडा नाचत असेल, तर सोल्डर किंवा जॅक पाहावा.

एक सावधगिरी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. डिसेंबरच्या पहाटे ६.०० मोजलेला पिकअप १५ अंश अधिक उन्हाच्या मे महिन्यातील दुपारी ६.३५ दाखवेल. दोन ऋतूंतील आकड्यांची तुलना करून पिकअप ‘म्हातारा होत चालला’ असा निष्कर्ष काढू नये.

मधला पिकअप दबका वाटतो म्हणता, तर त्याची उंची बघा. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरल्यावर तार आणि खांब यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर असावे. पुष्कळ वादकांची नखी मधल्या पिकअपला लागते, म्हणून ते तो मुद्दाम खाली उतरवून ठेवतात. काकांना विचारा, त्यांना आठवत असेल.

मांडव_साउंड

चर्चेत थोडी भर घालतो, किंचित मतभेदही आहे. दापोली-गुहागर भागात गणपतीच्या दिवसांत आम्ही ऑर्केस्ट्राला साउंड देतो. वादकांच्या गिटारी पंधरा इंची स्पीकरांच्या शेजारी रचून टेम्पोतून जातात आणि कार्यक्रमाला त्यांचा आवाज उतरल्याची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. स्पीकरचा चुंबक लहान नसतो. त्यामुळे ‘घरातील वस्तूंनी काही होत नाही’ हे विधान मला सरसकट पटत नाही.

शिवाय सतत प्रवास आणि दमट हवेत वाजवणाऱ्याने अ‍ॅक्टिव्ह पिकअप (बॅटरीवर चालणारे) का घेऊ नयेत? ते एपॉक्सीमध्ये सीलबंद असतात, त्यामुळे तारेला हवा लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

अल्निको_पाच

स्पीकरबाबतची शंका रास्त आहे. चुंबकाचे क्षेत्र अंतर वाढेल तसे फार झपाट्याने, ढोबळमानाने अंतराच्या घनाच्या प्रमाणात, घटते. म्हणजे अंतर दुप्पट केले की ते आठव्या भागावर येते. स्पीकरचा बहुतेक चुंबकीय प्रवाह त्याच्या स्वतःच्या लोखंडी फटीत कोंडलेला असतो, आणि खोक्याची फळी, मधली पोकळी, गिटारची पेटी एवढे मध्ये असताना पिकअपपाशी पोहोचणारे क्षेत्र काहीशे ओर्स्टेडच्या जवळपासही जात नाही. उघडा स्पीकर आणि उघडी गिटार मात्र एकमेकांवर टेकवून ठेवू नयेत, एवढे मी मान्य करतो. टेम्पोतून उतरल्यावर आवाज उतरलेला वाटतो, त्याची साधी कारणे म्हणजे सैल झालेला जॅक, हललेला उंचीचा स्क्रू आणि रात्रभरात दमट हवेने निस्तेज झालेल्या तारा. किनाऱ्यावर तारांचे आयुष्य इतके कमी असते, की पिकअपवर येणारे निम्मे आरोप मुळात तारांवर यायला हवेत.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपची सूचना व्यावसायिक वादकासाठी चांगली आहे. कॉईल सीलबंद असल्याने ती निश्चितच सुरक्षित राहते. पण त्यात प्रीअ‍ॅम्प्लिफायर असतो, नऊ व्होल्टची बॅटरी असते, आणि माळ्यावर विसरलेल्या गिटारमध्ये पाझरलेली बॅटरी काय करते हे सर्वांनी पाहिलेले आहे. शिवाय काकांना मूळ आवाज हवा आहे, तेव्हा येथे तो पर्याय गैरलागू ठरतो.

साठवणुकीविषयी दोन वाक्ये. पावसाळ्यात कपाटात मंद दिवा लावून ठेवण्याची आपल्याकडील पद्धत शास्त्राला धरून आहे. ३० अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा केवळ ५ अंशांनी तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर येते, म्हणजे वर सांगितलेल्या ७५च्या मर्यादेखाली. फक्त दिवा अगदी कमी वॅटचा आणि गिटारपासून दूर असावा, कारण पुष्कळ पिकअप मेणात बुडवून काढलेले असतात आणि ते मेण साठ-पासष्ट अंशांच्या आसपास वितळते. पेटीच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर पेटीचे मखमली अस्तरच ओलावा धरून बसते.

वेंगुर्ले_सहातारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. नेक पिकअप ५.९ आणि मधला ६.१ किलोओहम आला. ब्रिज पिकअपवर मीटरने २३८ किलोओहम दाखवले, आणि तो आकडा कशाचा आहे हे आधीच वाचलेले असल्याने गोंधळ झाला नाही. टाचणीच्या चाचणीत तिन्ही पिकअपांत डोळ्यांना दिसेल असा फरक नाही.

मधल्या पिकअपविषयी काकांना विचारले. त्यांनी तो स्वतःच खाली उतरवला होता, कारण जलद गाण्यांत नखी त्यावर आपटत असे. स्क्रू फिरवून तो वर घेतला आणि आवाज मोकळा झाला.

ब्रिज पिकअप काढून खालून पाहिला. फायबरच्या काळ्या तबकड्या आहेत, सहा खांब स्वतंत्र चुंबक आहेत आणि पट्टीचुंबक नाही. भिंगातून पाहता एका पितळी कडीच्या मुळाशी हिरवा ठिपका दिसतो आणि तेथून कॉईलकडे जाणारी बारीक तार त्या ठिपक्यातच संपल्यासारखी वाटते. दुसऱ्या कडीची तार शाबूत आहे. आता पुढे काय करावे? दुकानात पुन्हा नेण्याची इच्छा नाही. कुडाळला मोटार वाइंडिंगचे एक दुकान आहे, त्यांच्याकडून नवी कॉईल गुंडाळून घेता येईल का?

सोल्डर_आणि_राळ

वाइंडिंगपर्यंत जाण्याची वेळ बहुधा येणार नाही. तुटलेले टोक कॉईलच्या बाहेरच्या वेढ्याचे आहे की आतील वेढ्याचे, हे आधी ठरवा. हिरव्या ठिपक्यातून निघणारी तार कॉईलच्या वरच्या पृष्ठभागावर येत असेल, तर ते बाहेरचे टोक आहे आणि तुमचे नशीब चांगले आहे. ती तबकडीला लगटून चुंबकांच्या दिशेने आत जात असेल, तर ते आतील टोक आहे. त्यातील जो तुकडा बाहेर शिल्लक आहे त्याला नवी तार जोडता आली तर ठीक, नाहीतर पुन्हा गुंडाळणे हाच उपाय उरतो.

बाहेरचे टोक असल्यास कळंक लागलेला भाग कापून टाका आणि निरोगी, तांबूस चमक असलेली तार मिळेपर्यंत एक-दोन वेढे उलगडा. आठ हजारांतून दोन वेढे गेल्याने आवाजात काहीही फरक पडत नाही. १९७०च्या दशकातील तारेवर कोणते एनॅमल आहे हे पाहून सांगता येत नाही. पॉलियुरेथेन असेल तर गरम आयर्नखाली ते आपोआप जळून सोल्डर धरते. इतर प्रकारांत टोक बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून अलगद ओढावे लागते. जोर लावलात तर तार हातात येईल. कडीवरील जुने सोल्डर काढून ती स्वच्छ करा, तार तिच्याभोवती सैलसर फिरवा, ताणू नका, आणि थोड्या वेळातच सोल्डर आटोपा. नंतर फ्लक्सचा अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या आणि जोडावर मेणाचा किंवा वॉर्निशचा एक थेंब सोडा. गंज काढायचा तेलकट स्प्रे कॉईलच्या आसपासही फिरकू देऊ नका, आणि खांबांचे माथे स्टील वूलने घासू नका. त्याचा चुरा चुंबकाला चिकटून बसतो तो निघत नाही.

वाइंडिंगच्या दुकानाविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढेमागे कोणाला उपयोगी पडेल. गिटारच्या जगात ज्या तारेला ४२ नंबर म्हणतात तो अमेरिकन गेज (तारेच्या जाडीचे माप) आहे. आपल्याकडे नारळ-पोफळीच्या बागांतील पंप भरून देणारी दुकाने ब्रिटिश गेजने तार मागवतात, आणि त्यातील ४२ नंबर म्हणजे सुमारे ०.१०२ मिलिमीटर, म्हणजे दीडपटीहून जाड. ती तार घेतली तर निम्मेसुद्धा वेढे मावणार नाहीत. ब्रिटिश गेजमधील ४६ नंबर ०.०६१ मिलिमीटरचा असल्याने तोच जवळचा पर्याय आहे. त्यापेक्षा नंबर न सांगता व्यास मिलिमीटरमध्ये सांगणे उत्तम. आणि मोटारीच्या यंत्राचा ताण या तारेला सोसत नाही, हेही त्यांना सांगावे लागेल.

चुंबक भरून घेण्याचा विचार सध्या मनातून काढून टाका. टाचणीने निकाल दिलेला आहे, आणि भरताना ध्रुव उलटले गेले तर नवीच डोकेदुखी उभी राहील.

जोडणी करताना दोन्ही वायर जेथून काढल्या तेथेच लावा. काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. बसवून झाल्यावर ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र वाजवून पाहा. दोन्ही स्वतंत्रपणे चांगले वाजतात आणि एकत्र केल्यावर मात्र आवाज पोकळ व पातळ होतो, असे झाले तर वायर उलटसुलट लागल्या आहेत, तेव्हा ब्रिज पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा. अदलाबदलीपूर्वी त्यांपैकी कोणती वायर खालच्या धातूच्या पत्र्यालाही जोडलेली आहे का, ते पाहून घ्या. तशी असेल तर पत्र्याचा तो जोड सोडवून जी वायर ग्राउंडला जाणार आहे तिला लावा, नाहीतर पत्र्याला हात लागताच गुणगुण सुरू होईल.